सोडून गेलेल्यांचा रकाना

प्रिय विन्या,

पाच महिने झाले पत्र नाही. शिव्या घालत असशील, घाल. आईचा गुडघा बरा आहे, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय. प्रकृतीचं प्रकरण संपलं.

हे पत्र एका प्रश्नामुळे लिहितेय. मार्गदर्शक बाईंनी प्रकल्पाचा आराखडा चाळला, 'लोक नोकरी का सोडतात' हे शीर्षक दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "प्रश्नावली कोण भरणार?" मी म्हटलं, कर्मचारी. "म्हणजे जे सोडून गेले नाहीत, ते." फाईल मिटून माझ्यापुढे सरकवली. तेव्हापासून डोक्यात तूच आहेस, कारण पायरीवरचं ते भांडण अजून मिटलेलं नाही. माणूस पगारासाठी जातो, असं तू म्हणायचास. साहेबाला कंटाळून जातो, असं मी. देवकी म्हणाली होती, तुम्ही दोघं आधी इथून जा.

आणि हो, 'एचआरच्या एमबीएत गोड बोलायला शिकवतात' हे वाक्य आता मागे घे. इथे निम्मा वेळ भागाकारात जातो, आणि तोही सरळ नसतो. गळतीचा दर घे. वर्षभरात गेलेली माणसं भागिले सरासरी मनुष्यबळ, गुणिले शंभर. सुरुवातीला २००, अखेरीला २४०, सरासरी २२०. गेले ३३. दर १५ टक्के. झालं? नाही ना! हे ३३ सगळे जुनेच असतील, तर वर्षापूर्वीच्या २०० पैकी १६७ उरले. पण ११ जागाच अशा असतील, की जुना गेला, बदली आला तोही गेला, त्याच्या जागी आलेलाही गेला, तरी बेरीज ३३च होते. जुने मात्र १८९ टिकले. दर दोन्हीकडे १५. टिकलेल्या जुन्यांचं प्रमाण (याला स्थैर्य निर्देशांक म्हणतात) एकीकडे ८३.५, दुसरीकडे ९४.५ टक्के. पहिल्या ठिकाणी सगळं घरच गळतंय, दुसऱ्या ठिकाणी एकच नळ. तो नळ शोधायचा तर भरतीच्या वेळी कामाबद्दल काय सांगितलं आणि पहिल्या तीन महिन्यांत काय दिलं, तिथे बघावं लागतं. सगळ्यांचा पगार वाढवून ती ११ खुर्च्यांची गळती थांबत नाही. (हा तुला टोमणा आहे.)

तुझ्या बाजूनेही बोलते. हर्झबर्ग या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५९ मध्ये अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवरून मांडलं, की पगार, वरिष्ठ, कामाची परिस्थिती या गोष्टी बिघडल्या की माणूस नाराज होतो, पण त्या सुधारल्या म्हणून तो कामात रमतोच असं नाही. म्हणजे तुझा पगार आणि माझा साहेब एकाच गाठोड्यात! पण त्याने लोकांना कामातले फार चांगले आणि फार वाईट प्रसंग आठवायला सांगितले होते. चांगलं घडलं ते माझ्यामुळे, वाईट घडलं ते भोवतालामुळे, असं सांगायची माणसाला खोडच असते. हा आक्षेप जुना आहे, परीक्षेत लिहिला की गुण मिळतात.

तर माझी पंचाईत. थांबलेल्यांना 'सोडायचा विचार आहे का' असं विचारलं, तर हाती इरादा लागतो, जाणं लागत नाही. त्यात समाधान आणि इरादा एकाच बैठकीत, एकाच कागदावर विचारले, की त्या दिवशीचा मूड दोन्ही उत्तरांत उतरतो आणि संबंध आहे त्यापेक्षा घट्ट दिसतो. उपाय असा, की दोन भाग पंधरा दिवसांच्या अंतराने भरून घ्यायचे आणि जोडी लावायला ज्याने-त्याने स्वतःच बनवलेला खुणेचा शब्द लिहायचा. नाव नको. पण नाव नसून भागत नाही. विभाग, वय, लिंग, नोकरीची वर्षं हे चारही विचारले, की सहा जणांच्या विभागात कोण कोणता ते शिपाईसुद्धा सांगेल. म्हणून वय गटांत विचारायचं आणि पाचांपेक्षा लहान गटाचा निकाल वेगळा छापायचाच नाही.

प्रश्नांचीही तीच तऱ्हा. 'तुमचे वरिष्ठ न्यायी आणि मदत करणारे आहेत' हे एक विधान नव्हे, दोन आहेत. न्यायी पण खडूस साहेब असलेल्याने कुठे खूण करायची? प्रत्येक विधानाला १ ते ५ पैकी आकडा द्यायचा असतो. त्यात काही उलट्या अर्थाची विधानं मुद्दाम घालतात, म्हणजे डोळे मिटून सगळीकडे ४ लिहिणारा सापडतो. पण गुण मोजताना ती सहातून वजा करायची असतात, पाचाचा एक व्हायला हवा. हे विसरलं की क्रोनबाखचा अल्फा (विधानं एकमेकांशी किती जुळतात त्याचं माप, साधारण ०.७ च्या वर हवं) पार खाली घसरू शकतो आणि लोक चांगली विधानं कापत बसतात. आधी वीस-तीस जणांवर चाचणी घेतली तर हे लवकर कळतं. नानाने आपलं स्नेहसंमेलन ज्या अंदाजपंचे हिशेबाने काढलं होतं, त्या हिशेबाने हे चालत नाही.

राहिले सोडून गेलेले. त्यांच्या निरोपाच्या मुलाखतींचे अर्ज कार्यालयात मिळतात, आणि बहुतेकांवर 'अधिक चांगली संधी' नाहीतर 'वैयक्तिक कारण'. खरं कोण लिहील? हिशेब पुरा व्हायचाय, अनुभवाचा दाखला घ्यायचाय, पुढचा मालक विचारपूस करणार. म्हणून विचारायचं ते जाऊन तीन-चार महिने झाल्यावर, आणि तेही त्यांच्या साहेबाशी संबंध नसलेल्या तिऱ्हाइताने. थांबलेल्यांसमोर त्यांना ठेवलं, तरच माझ्या शीर्षकाला काही अर्थ. पण पत्ते जुने, फोन बदललेले, आणि उत्तर देतात ते बहुधा चिडलेलेच.

तुझं नवं घर लागलं का? छोटीला दात आले असतील. वहिनींना सांग, पाककृती मिळाली, करून बघितली नाही.

सोबत एक प्रश्नावली आहे, चाचणीसाठी. तू दोन नोकऱ्या सोडल्यास. पहिल्या ठिकाणी निरोपाच्या अर्जावर कुठे खूण केली होतीस ते वरच्या चौकटीत लिही, आणि खरं कारण खालच्या. पगार असेल तर पगार लिही, मी भांडणार नाही. नववं विधान उलटं आहे, नीट वाच.

तुझी,
मंजू