तारीख मिळाली, पाळणा मिळाला नाही : पर्यटनमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पर्यटनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : थीम पार्कमधील आगाऊ आरक्षण आणि गर्दीचे नियोजन यांबाबत.

महोदय,

एस.टी.च्या नोकरीत माझी जवळजवळ ३० वर्षे गेली. पहिली काही आरक्षण खिडकीमागे आणि उरलेली वाहतूक नियंत्रक म्हणून फलाटावर. खिडकीमागच्या माणसाला गर्दी आकड्यांत दिसते, फलाटावरच्या माणसाच्या ती अंगावर येते, आणि एका जागेवरून केलेला बंदोबस्त दुसऱ्या जागी पुरा पडत नाही, हे मी दोन्हीकडे शिकलो. थीम पार्कच्या आरक्षणाविषयी आपणांस लिहावेसे वाटले ते त्यामुळेच.

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली २१ माणसे राज्यातल्या एका मोठ्या थीम पार्कला गेली. सोलापूरकरांना असे ठिकाण गाठायचे म्हणजे रात्रभराचा प्रवास. आमचे आरक्षण सकाळी १० ते ११ या वेळेचे होते. इंदापूरच्या अलीकडे गाडीचा टायर फुटला आणि आम्ही दारात पोहोचलो तेव्हा पावणेबारा झाले होते. तुमची वेळ टळली, आता नवी तिकिटे काढा, असे आम्हांला सांगण्यात आले. आणि ती नवी तिकिटे शेजारच्याच खिडकीवर, त्याच दिवसासाठी, मागेल त्याला मिळत होती. जागा संपली असती तर मी मुकाट्याने परत फिरलो असतो. एस.टी.चे आरक्षण वेळ चुकल्यावर बुडते, कारण गाडी सुटून गेलेली असते. पार्क कुठे सुटून जाते? अर्ध्या तासाच्या हुज्जतीनंतर निम्मे पैसे पुन्हा भरून आम्ही आत गेलो आणि मुलांच्या वाट्याला दिवसभरात चार राइड आल्या.

आरक्षणाने दारातून आत येणाऱ्यांची संख्या ठरते. आतली रांग ठरते ती प्रत्येक राइडच्या ताशी क्षमतेवर. समजा, २४ आसनांचा एक पाळणा चढण्या-उतरण्याचा वेळ धरून दर ३ मिनिटांनी सुटतो. तासाला ४८० माणसे झाली. रांगेत ५४० माणसे असतील तर शेवटच्या माणसाचा क्रम सव्वा तासाच्या आत लागतो. आता यांतली ३०० आसने जादा पैसे भरणाऱ्यांच्या जलद रांगेसाठी राखली, की साध्या रांगेला तासाला १८० उरतात आणि तोच शेवटचा माणूस ३ तास उभा राहतो. जलद रांगेतल्यांचा वाचलेला वेळ साध्या रांगेच्या खात्यातून वळता झालेला असतो. त्यातच एखादी मोठी राइड दुरुस्तीसाठी बंद असली, तर तिच्यावर जाऊ शकणारी माणसे उरलेल्या राइडवर लोटतात. पण त्या दिवसाची तिकीटविक्री कमी होत नाही आणि ग्राहकाला ते घरून निघण्यापूर्वी कळतही नाही.

परदेशातला अनुभव याहून फार निराळा नाही. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्ड करोनाच्या बंदीनंतर जुलै २०२० मध्ये उघडले, तेव्हा तिकिटाखेरीज दिवस आणि उद्यान यांचे वेगळे आरक्षण सक्तीचे झाले. अंतर राखायचे असल्याने तेव्हा माणसे मोजणे भागच होते. साथ ओसरल्यावरही ती पद्धत राहिली, कारण उद्या किती लोक येणार हे आज कळले की कर्मचारी किती लावायचे आणि अन्न किती शिजवायचे हे व्यवस्थापनाला आधीच ठरवता येते. या सोयीची किंमत पर्यटक मोजत होता : हातात तिकीट असूनही हवा तो दिवस मिळेल याची त्याला खात्री नव्हती. अखेर ९ जानेवारी २०२४ पासून तारीख घातलेल्या तिकिटांसाठी ती अट काढण्यात आली. कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडने २०२१ मध्ये १,३९९ डॉलरचा वार्षिक पास एकही दिवस वर्ज्य नाही असे सांगून विकला. इतर तिकिटांसाठी जागा शिल्लक असतानाही पासधारकांना आरक्षण नाकारले जाते, असा दावा एका पासधारक महिलेने लावला आणि कंपनीने ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. जलद रांगेचेही तसेच : १९९९ पासून फुकट असलेला ‘फास्टपास’ तिथे २०२१ मध्ये गेला आणि त्याच्या जागी पैसे घेऊन मिळणारी सेवा आली.

आमच्या शहराच्या पूर्व भागात यंत्रमागावर आणि विडी वळण्याच्या कामावर चालणारी हजारो घरे आहेत. अशा अनेक घरांत स्मार्टफोन एकच असतो आणि तो कामावर गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. ओटीपी त्याच्याकडे जातो, तो दुपारच्या सुट्टीत फोन पाहतो, तोवर रविवारच्या जागा गेलेल्या असतात. सिद्धेश्वरांच्या यात्रेत भरणाऱ्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यावर, हीच माणसे खिशात असतील तेवढ्या पैशांत, मनात येईल त्या संध्याकाळी पाळण्यात बसतात. थीम पार्कने गड्डा व्हावे असे मी म्हणत नाही. पण खिडकी अजिबात नसलेली व्यवस्था कोणाला बाहेर ठेवते, हे धोरण आखणाऱ्याला ठाऊक असावे.

उलट, खिडकी उघडली की काम संपले असेही नाही. पूर्व भागातली बहुतेक तेलुगूभाषक कुटुंबे तिरुपतीला जातात, त्यामुळे ८ जानेवारी २०२५ ची बातमी आमच्याकडे घरच्या बातमीसारखी आली. वैकुंठद्वार दर्शनाचे टोकन घेण्यासाठी जमलेल्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन ६ भाविक दगावले. मंदिरातली गर्दी आवरावी म्हणूनच ती टोकने होती. गर्दी मंदिराच्या दारातून उठून टोकनाच्या दारात गेली.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात आहे. आषाढीत दर्शनाची रांग गोपाळपूरच्या पत्राशेडपर्यंत जाते, तेव्हा देवाच्या निद्रेचा पलंग काढतात आणि दर्शन चोवीस तास सुरू राहते. पदस्पर्शासाठी थांबणे ज्याला झेपत नाही, त्याच्यासाठी मुखदर्शनाची रांग वेगळी असते. तिथे सारे आलबेल असते असे माझे म्हणणे नाही, पत्राशेडमध्ये मीही एक रात्र उभ्याने काढली आहे. तरीही माणूस परत पाठवण्याआधी वेळ वाढवून पाहायचा, हा विचार त्या व्यवस्थेत आहे. मे महिन्यातल्या रविवारी सायंकाळी ठरल्या वेळेला बंद होणाऱ्या पार्कमध्ये तो मला दिसला नाही.

राज्याच्या पर्यटन धोरण २०२४ नुसार पर्यटन प्रकल्पांना प्रोत्साहने मिळतात. ती देताना थीम पार्कवर अटी घालणे आपल्या हाती आहे. दिवसाची कमाल प्रवेशसंख्या आणि त्या दिवशी बंद असलेल्या राइड विक्रीपूर्वी जाहीर व्हाव्यात, आणि जलद रांगेला ताशी किती आसने दिली जातात हे साध्या तिकिटावरच छापावे. वेळ चुकलेल्या ग्राहकाला त्याच दिवशी नंतरच्या वेळेत, जागा असल्यास, विनाशुल्क आत घ्यावे. जागा असतानाही पैसे बुडवणारी अट ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील ‘अनुचित करारा’च्या व्याख्येत बसते का, हेही विधी विभागाकडून तपासून घ्यावे. रोजच्या जागांचा काही हिस्सा ऑनलाइन विक्रीबाहेर ठेवून तो एस.टी.च्या आरक्षण खिडक्यांवरून विकता येईल. त्या खिडक्या तालुक्या-तालुक्याला असल्याने तिकिटासाठी एकाच ठिकाणी लोक लोटणार नाहीत, आणि पार्कला जाणारी जादा गाडी व प्रवेशाची वेळ यांचा मेळही तिथेच घालता येईल.

उजनी धरणाच्या पाण्यावर पर्यटन उभे करण्याची चर्चा आमच्याकडे बरीच वर्षे ऐकू येते. तिथे पहिले तिकीट विकले जाण्यापूर्वी या अटी लिहिल्या जाव्यात, एवढी विनंती. त्या लिहिताना फलाटाच्या बाजूने बोलणारा कोणी हवा असल्यास मी सोलापुरातच आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त वाहतूक नियंत्रक, सोलापूर