छताचे काम इमारतीच्या खात्यात नको, पाण्याच्या खात्यात घ्या : पाणीपुरवठामंत्र्यांना खुले पत्र

माननीय पाणीपुरवठामंत्री यांस,
सादर नमस्कार.

मी जलशुद्धीकरण केंद्रावर फिल्टर ऑपरेटर म्हणून पाळीत काम करतो. आमच्या फिल्टर हाऊसचे, म्हणजे पाणी वाळूच्या थरातून गाळतात त्या इमारतीचे, आणि शुद्ध पाण्याच्या टाकीचे छत जुने झाले आहे. ते बदलण्याचा प्रस्ताव दरवर्षी ‘इमारत दुरुस्ती’ या सदरात जातो आणि रंगकाम, कुंपण, आतले रस्ते यांच्या मागे उभा राहतो. माझी तक्रार या सदराबद्दल आहे.

नदीतून आलेल्या कच्च्या पाण्यात छतावरून काही पडले तर पुढे तुरटी आहे, निवळण टाकी आहे, वाळूचा थर आहे, क्लोरिन आहे. शुद्ध पाण्याच्या टाकीत पडले तर पुढे थेट नळ. तिथे सगळी राखण छताची. म्हणून हे छत मी शुद्धीकरणाचाच शेवटचा टप्पा मानतो.

अमेरिकेतील मिसूरी राज्यात गिडियन गावात 1993 साली साल्मोनेला या जुलाब-ताप आणणाऱ्या जंतूची साथ आली. टाकीत पक्ष्यांची घाण गेली होती. अंदाजे 650 माणसे आजारी पडली आणि वृद्धाश्रमातील 7 मृत्यू या साथीशी जोडले गेले. 2008 मध्ये कोलोरॅडोतील अलामोसा शहरात पुन्हा साल्मोनेला. तिथेही तडे आणि भोके पडलेल्या जुन्या टाकीवर ठपका आला. त्या दोन्ही ठिकाणी पाण्यात क्लोरिन घालत नव्हते, आपल्याकडे घालतात, असे आपले अधिकारी सांगतील. ते खरे आहे. पण विष्ठा आणि कुजका पाला क्लोरिन खाऊन टाकतात, आणि घाणीच्या गुठळीत दडलेल्या जंतूपर्यंत तो नीट पोहोचत नाही. उरलेल्या क्लोरिनच्या भरवशावर भोक उघडे ठेवता येत नाही.

मागच्या पावसात रात्रपाळीला फिल्टरच्या कठड्यावर तळहाताएवढा पोपडा पडलेला सापडला. उलटा करून पाहिला तर आतल्या अंगाला सळईच्या गंजाची तांबूस रेघ उमटलेली. हातभर अलीकडे पडला म्हणून, नाहीतर पाण्यातच गेला असता. पंपाच्या पॅनलवर आम्ही प्लॅस्टिक अंथरतो, खाली बादली ठेवतो आणि ती भरली की ओततो. विजेच्या पॅनलशेजारी, ओल्या फरशीवर उभे राहून.

फिल्टर हाऊसमध्ये हवा कायम दमट असते, त्यात क्लोरिनचा अंश. अशा हवेत सळई लवकर गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि स्लॅब आतून फोडतो. वरून डांबराचा थर मारला की एखादा पावसाळा गळती थांबते. आतला गंज थांबत नाही. तीन वेळा थर मारून झाला आहे. चौथ्यांदा मारू नका, ही हात जोडून विनंती.

आधी स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या. काम टप्प्याटप्प्याने, एकेक फिल्टर बंद ठेवून करता येते. पुरवठा पूर्ण तोडायची गरज नाही. टाकीवरचे काम मात्र टाकीचा तो कप्पा रिकामा करूनच व्हावे आणि धुऊन, निर्जंतुक करून, पाण्याचा नमुना तपासल्याशिवाय तो पुन्हा चालू करू नये. तुरटीच्या गोदामावरचे जुने पत्रे अॅस्बेस्टॉस सिमेंटचे निघाले तर फोडू नयेत, ओले करून अख्खे उतरवावेत. त्याची धूळ फुप्फुसात जाते आणि ते उतरवणारा मजूर सहसा रोजंदारीवरचा असतो. नव्या छताला पुरेसा उतार, हवा जाण्याच्या नळ्यांना बारीक जाळी, मॅनहोलला घट्ट बसणारे झाकण. यात चैनीचे काहीच नाही.

येत्या अंदाजपत्रकात हे काम ‘इमारत दुरुस्ती’तून काढून ‘पाणी गुणवत्ता’ या सदरात घ्यावे, एवढी एकच मागणी. सही करण्याआधी एकदा केंद्रावर या, शक्यतो पाऊस चालू असताना. टाकीचे झाकण उघडून दाखवायला मी कोणत्याही पाळीत हजर आहे.

आपला नम्र,
एक फिल्टर ऑपरेटर