मिहिरचा तबला चालू राहू दे

वेंगुर्ला,
दि. ९ जून

चि. सौ. अश्विनी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मिहिर यंदा आठवीत गेला, संध्याकाळचा फाउंडेशनचा क्लास सुरू होणार, म्हणून तबला बंद करायचा आणि पोहणे मे महिन्याच्या सुट्टीपुरते ठेवायचे, असे तुझे आणि प्रसादरावांचे जवळजवळ ठरले आहे, हे तू परवा फोनवर सांगितलेस. त्या वेळी मी फारसे बोलले नाही, कारण हा विषय चार वाक्यांत उरकावा असा नाही. मुलगा तुमचा आहे आणि निर्णयही तुम्हा दोघांचाच आहे. तरीही तो पक्का करण्यापूर्वी माझे म्हणणे तुमच्यापुढे असावे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

तू म्हणालीस, "आई, तो काही तबलजी होणार नाही." ते मलाही मान्य आहे, आणि तो तबलजी व्हावा म्हणून त्याला कोणी क्लासला घातलेही नव्हते. पण तबलजी व्हायचे नसेल तर शिकून उपयोग काय, हा प्रश्न आपण एकट्या मुलाकडे पाहून विचारतो. मूल अभ्यासाबाहेर जे काही नेमाने शिकते, त्याचे फळ एकट्या त्याच्या पदरात पडत नाही, ते सगळ्या घराच्या पदरात पडते, आणि तेही बहुधा क्लास सुटल्यानंतर पुष्कळ वर्षांनी. म्हणूनच आठवीचे वेळापत्रक समोर ठेवून त्याचा हिशोब मांडू गेले तर तो तोट्याचाच दिसतो.

आपल्याच घराचे पाहा. तुझा दादा देवळातल्या भजनी मंडळात बसून मृदंग शिकला. त्याला कोणती परीक्षा नव्हती की प्रमाणपत्र नव्हते. मोठ्या माणसांच्या मागे बसायचे, कोणी उठले की त्याची जागा घ्यायची, एवढेच त्याचे शिक्षण. पुढे तो नोकरीसाठी मुंबईला गेला, आणि गावाकडच्या चाकरमान्यांच्या भजनी मंडळाने त्याला मृदंगावर बसवून घेतले. तुझ्या बाबांचे ऑपरेशन मुंबईत झाले तेव्हा रक्त द्यायला जी माणसे आली, रात्री दवाखान्यात जी बसली, ती बहुतेक याच मंडळातली होती. आपल्या नात्यातली माणसे तिथे थोडी होती आणि ज्याच्या-त्याच्या नोकरीत अडकलेली होती. त्या वेळी मला स्पष्ट कळले की दादाच्या मृदंगाने आपल्या घराला माणसे मिळवून दिली आहेत.

याहून मोठी गोष्ट चतुर्थीतली. जमिनीच्या वाटणीवरून थोरल्या घराशी आपले बोलणे बंद होते, ती वर्षे तुला आठवत असतील. लग्नकार्याची आमंत्रणे थांबली होती, विहिरीवर समोरासमोर आलो तरी बायका मान फिरवत होत्या. पण वाडीतले भजन चतुर्थीत घरोघर फिरायचे ते काही थांबले नाही. भजनात पेटीवर त्यांचा मुलगा आणि मृदंगावर आपला, अशी जोडी होती, आणि एकाने दुसऱ्याकडे पाहिल्याशिवाय सुरुवातीच्या रूपाच्या अभंगापासून शेवटच्या गजरापर्यंत भजन उभेच राहत नाही. त्यांच्या ओटीवर आपला मुलगा बसला, आपल्या ओटीवर त्यांचा बसला, दोघांनी उसळ-पाव खाल्ला, चहा घेतला. पुढे वाटणीचे कागद झाले ते तलाठ्याकडे आणि वकिलाकडेच झाले, हे खरे. परंतु त्यानंतर दोन्ही घरांना एकमेकांकडे जाण्यासाठी नवी वाट शोधावी लागली नाही. भाऊबंदकीत पिढ्या गेलेली घरे आपल्या कोकणात किती आहेत, हे तुला सांगायला नको.

तुझी स्वतःची पेटी गांधर्व मंडळाच्या मध्यमा पूर्ण या परीक्षेपर्यंत गेली आणि बँकेची परीक्षा आली तेव्हा थांबली. रत्नागिरीला सासरी गेल्यावर पहिल्या वर्षी तू फार एकटी पडली होतीस. शेजारच्या बायकांच्या भजनात पेटीला कोणी नव्हते म्हणून त्यांनी तुला बोलावले, तेव्हापासून तुझ्या फोनचा सूर बदलला. तू ते कधी बोलून दाखवले नाहीस, पण आईला ते कळते.

आता मिहिरचे. तो त्याच मंडळाची प्रवेशिका पूर्ण परीक्षा पास झाला आहे, म्हणजे सोडून देण्यासाठी सगळ्यांत वाईट जागी उभा आहे. पहिली काही वर्षे मूल दुसऱ्याने दिलेले वाजवते. तीनतालाच्या सोळा मात्रा हातावर टाळी-खाली दाखवत म्हणायच्या, मग त्याच दुगुनीत म्हणायच्या, गुरुजी सांगतील तो कायदा, म्हणजे तबल्याच्या बोलांची ठराविक बांधणी, सांगतील तसा घोटायचा. या काळात कंटाळा येतोच आणि आई-वडिलांना धाक दाखवावा लागतो. पण गेल्या मे महिन्यात तो इथे आला असताना मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. दिलेल्या कायद्याचे पलटे, म्हणजे त्याच बोलांची नवी फिरवाफिरव, तो स्वतः बांधून पाहत होता, एखादा फसला की थांबून पुन्हा पहिल्यापासून जुळवत होता, आणि शेवटी तीनदा वाजवायची तिहाई समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर आली तेव्हा कोणी ऐकते आहे का हे पाहण्यासाठी त्याने मान वर केली नाही. जे दुसऱ्याचे होते ते त्याचे स्वतःचे होऊ लागल्याची ही खूण आहे. इथे थांबवले तर घोटलेले सगळे बोटांतून दोन वर्षांत निघून जाईल, आणि त्याच्या मनात फक्त "मी लहानपणी तबला शिकत होतो" एवढे वाक्य उरेल. हीच विद्या आणखी तीन-चार वर्षे सांभाळली तर ती आयुष्यभर जात नाही. मध्ये खंड पडला तरी पुन्हा बसते.

तबलजी होण्याबद्दल आणखी एक सांगते. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि पुढे १९३१ मध्ये गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन झाले, त्यामागे सगळ्यांना गवई करण्याचा विचार नव्हता. संगीत दरबारातून आणि ठराविक घराण्यांतून बाहेर येऊन साध्या गृहस्थांच्या घरात पोचावे, त्याला जाणता श्रोता मिळावा, ही त्यांची धडपड होती. वेंगुर्ल्यासारख्या गावातल्या मुलांनी क्रमाने प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा द्याव्यात हे त्या धडपडीमुळेच शक्य झाले. मिहिर चांगला इंजिनियर झाला आणि त्याच्या घरात तबल्याची जोडी नांदती राहिली, तर ते शिक्षण अर्धवट राहिले असे मी म्हणणार नाही.

घर आणि कला यांचे नाते किती खोल जाऊ शकते हे पाहायला आपल्याला लांब जावे लागत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रे दाखवत कथा सांगण्याची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. त्यांतील परशुराम गंगावणे यांनी स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आणि २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपले घर काही तशा परंपरेचे नाही, आणि तशी अपेक्षा मिहिरकडून करणे अन्यायाचे होईल. मला एवढेच दाखवायचे आहे की अशा गोष्टी शाळेने किंवा सरकारने टिकवलेल्या नाहीत, त्या घरांनी टिकवल्या आहेत.

पोहण्याविषयी मी थोडेच लिहिते, कारण तिथे वाद असण्याचे कारण नाही. समुद्राकाठी राहणाऱ्या मुलाला ओहोटीचे पाणी माणसाला कसे ओढून नेते हे अंगाने माहीत असले पाहिजे. शिवाय मिहिरला सोडायला जाता जाता प्रसादराव स्वतः चाळिशीत पोहायला शिकले. हिवाळ्यात मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी स्पर्धेला तुम्ही तिघे मिळून गेलात, तिथे साठी उलटलेली माणसेही मुलांच्या बरोबरीने पाण्यात उतरलेली पाहिलीत, आणि परत येताना बापलेक सगळा रस्ताभर बोलत होते असे तूच मला सांगितलेस. तेरा-चौदाव्या वर्षी मुलगा बापाशी बोलेनासा होतो, ही तक्रार मी घरोघरी ऐकते. दोघांना बोलण्यासारखे काही सामाईक असेल तर ती वेळ येत नाही किंवा आली तरी लवकर टळते.

दहावीला कला आणि क्रीडा यांचे वाढीव गुण मिळतात, तेव्हा निदान तेवढ्यासाठी तरी चालू ठेवावे, असे तुझ्या नणंदेचे म्हणणे आहे असे तू म्हणालीस. नियमात बसत असतील तर ते गुण जरूर घ्यावेत. पण गुणांसाठी धरलेली गोष्ट निकालाच्या दिवशी सुटते. हापूसच्या नव्या कलमाला पहिली तीन-चार वर्षे मोहोर आला तरी तुझे बाबा तो खुडून टाकतात, कारण झाडाचा जोर आधी खोडात आणि मुळांत जायला हवा. मिहिरच्या बाबतीतही फळाची घाई करू नये, असे मला वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात कडक भिंत असू नये असे म्हटले आहे; प्रत्यक्षात शाळा ती भिंत केव्हा पाडतील ते पाडोत, घरात ती नसावी.

याचा अर्थ त्याला आणखी क्लासना घालावे असा मुळीच नाही. चित्रकला, बुद्धिबळ, अबॅकस, कराटे असे सगळे एका आठवड्यात कोंबलेली मुले मी पाहते, आणि ती रविवारीसुद्धा दप्तरासारखी इकडून तिकडे नेली जातात याचे मला वाईट वाटते. एक गोष्ट मुरेपर्यंत धरावी आणि दुसरी शरीरासाठी असावी, एवढे पुरे. त्याची अबॅकसची परीक्षा सोडून दिलीत हे फार योग्य केलेत.

आता वेळेचा प्रश्न, कारण तो खरा आहे आणि माझ्या पत्राने तो सुटत नाही. माझे सुचवणे असे की तबल्याचा क्लास आठवड्यातून एकदाच ठेवावा, आणि घरी रोज वीस मिनिटे हात फिरवावा, शक्यतो सकाळी शाळेपूर्वी, म्हणजे संध्याकाळच्या क्लासला धक्का लागणार नाही. गांधर्व मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, त्यामुळे मध्यमा प्रथम यंदाच दिली पाहिजे असे नाही. दहावी होईपर्यंत परीक्षा बाजूला ठेवून केवळ रियाज चालू ठेवला तरी चालेल. गुरुजींना हे स्पष्ट सांगावे. त्यांनी असे अनेक विद्यार्थी दहावी-बारावीतून पार नेले असतील, आणि घरात कोणाचे ऐकत नाही त्या वयात मिहिर त्यांचे ऐकतो, हाही तुम्हाला आधारच आहे. सहामाहीनंतर अभ्यास खरोखरच मागे पडतो आहे असे दिसले, तर पुन्हा विचार करा. मी मध्ये पडणार नाही.

फाउंडेशन क्लासच्या प्रवेशाचा फॉर्म भरण्यापूर्वी संध्याकाळची कोणती वेळ मिळते ते विचारून घे, आणि गुरुजींकडे एकदा तुम्ही दोघेही जाऊन या. हे पत्र प्रसादरावांनाही वाचायला दे. त्यांचे मत माझ्यापेक्षा वेगळे असेल तर त्यांनी मला निःसंकोच कळवावे. मिहिरच्या डग्ग्याची पुडी, म्हणजे वरचे कातडे, सैल झाली आहे असे तो म्हणत होता. चतुर्थीला येताना डग्गा बरोबर आणा, कुडाळला ती बदलून देणारा कारागीर तुझ्या बाबांच्या ओळखीचा आहे.

तुझी,
आई