डरहमला निघालेल्या मुलीस

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी विमानतळावर माझ्यानं काही बोलवणार नाही, म्हणून लिहितो.

लंडनहून गाडीत उजवीकडच्या खिडकीशी बस. स्टेशनाआधी उंच पूल लागतो, तिथून कॅथेड्रल दिसतं. १०९३ साली पाया घातलेलं. वेअर नदी त्या टेकडीला तीन बाजूंनी वळसा घालते. काठ उताराचे, ओल्या पानांनी निसरडे. डिसेंबरात चारच्या आत अंधारतं. काठाच्या वाटेनं रात्री येऊ नकोस, वरच्या रस्त्यानं ये.

जिल्हा नीट बघ. पश्चिमेला कोळसा वरच होता, पूर्वेला तो चुनखडीच्या थराखाली. तिथलं पाणी आवरत शाफ्ट, म्हणजे खाणीचे उभे खड्डे, उतरवायचे, म्हणून समुद्राकाठच्या खाणी उशिरा आल्या. ईझिंग्टनचं काम १८९९ ला सुरू झालं, कोळसा १९१० ला निघाला. २९ मे १९५१ ला तिथे कटिंग मशीनचे दात पायराइट या खनिजावर घासून ठिणगी उडाली, मिथेन पेटला आणि कोळशाच्या धुळीनं तो स्फोट दूरवर नेला. ८१ कामगार गेले, शिवाय सुटकेला उतरलेले दोघेही. आपल्या कोलियरीत दगडाची पूड का मारतात, हे तू लहानपणी सारखं विचारायचीस. ती पूड उष्णता शोषते, ज्वाळा पुढे सरकत नाही. ईझिंग्टनला जाऊन ये. खाण १९९३ ला बंद झाली. तिथल्या किनाऱ्यावर खाणीचा कचरा टाकत, तो नंतर साफ केला.

बीमिशच्या संग्रहालयाला अख्खा दिवस ठेव. जुलैतला दुसरा शनिवार खाणकामगारांच्या मेळ्याचा, १८७१ पासूनचा. बँडमागून गावोगावचे बॅनर येतात. खाणीत कुणी दगावलं असेल तर त्या गावाच्या बॅनरवर काळं कापड असे. ते बघताना तुला तुझे आजोबा आठवतील.

पुन्हा नदीच. पाणी फार थंड असतं, पडताक्षणी धाप लागते. तेव्हा हातपाय मारायचे नाहीत, पाठीवर तरंगायचं, श्वास ताब्यात आला की ओरडायचं. दुसरं कुणी पडलं तर उडी घेऊ नकोस. मदतीसाठी ९९९ लाव, तरंगती रिंग फेक.

भाषण झालं, रागावू नकोस. कोलियरीच्या क्वार्टरमधली पोर डरहमच्या विद्यापीठात चालली, हे मी बाजारात भेटेल त्याला सांगतोय.

आईनं थर्मलचे गरम कपडे बॅगेत तळाशी ठेवलेत, ते वर काढून घे. आणि खोली नदीच्या बाजूला आहे का, तेवढं कळव.

तुझा,
बाबा