चिमीला सांगूनच निघतो

५ जानेवारी

प्रिय जाड्या,

शुभेच्छा फोनवर देऊन झाल्या, त्या पुन्हा लिहीत नाही. आम्ही ठणठणीत, माझी पाठ अधूनमधून कुरकुरते एवढंच. पत्र अशासाठी की फोनवर तू मध्येच बोलतोस, आणि इथे कुणाला सांगावं तर आपलं वसतिगृह कुणाला माहीत नाही.

१ जानेवारीला नव्या घरात आलो. भाड्याचंच, पण पहिल्यांदाच आम्ही तिघंच. त्याच आठवड्यात मुग्धाची नोकरी पुन्हा सुरू झाली आणि चिमीचं पाळणाघरही. सगळं एकदमच. मुग्धा म्हणाली, एकदाच काय ती उलथापालथ होऊन जाऊ दे. पहिल्या दिवशी आरशासमोर ओळखपत्र गळ्यात अडकवताना तिचा चेहरा असा उजळला होता की सामान हलवल्याचा सगळा शीण गेला.

माझी शिफ्ट दुपारची, म्हणून चिमीला सोडायला मी जातो. पहिल्याच दिवशी पाळणाघरातल्या ताई म्हणाल्या, "खेळात रमली की हळूच निघा. तुम्ही जाताना दिसलात तर रडेल." बाई प्रेमळ आहेत, त्यांच्या कडेवर मुलं पटकन शांत होतात. पण ते ऐकून माझ्या पोटात गोळा आला. का, ते तुला सांगायला नको.

पाचवीत वसतिगृहात सोडायला आले तेव्हा तुझे अण्णा तुला जवळ घेऊन, "पुढच्या रविवारी येतो" असं सांगून गेले आणि तू सगळं आवार डोक्यावर घेतलंस. स्वयंपाकघरातली माणसं बाहेर आली होती! हे तुझ्या लेकाला मी एक दिवस साग्रसंगीत सांगणार आहे. माझे बाबा म्हणाले, "जा, ती मुलं काय खेळताहेत बघून ये." मी बघून आलो तर पलंगापाशी ट्रंक होती, बाबा नव्हते. आठवीत आपण यावरूनच भांडलो. "तुझं बरं, तुला रडावं लागलं नाही," असं तू म्हणालास आणि मी तुझ्याशी बोलणं टाकलं. शेवटी मास्तरांनी दोघांना एका बाकावर बसवलं. अरे, रडलो नाही हे खरं. पण पुढे कितीतरी महिने "जरा तिकडे बघून ये" असं कुणी म्हटलं की मी जागचा हलत नसे.

तर चिमीला मी सांगूनच निघतो. दारात उकिडवा बसतो, "बाबा आता जातो, तू झोपून उठलीस, खेळलीस की आई येणार" एवढंच म्हणतो, पापी घेतो आणि ताईंकडे देतो. मग घुटमळत नाही. ती माझ्या शर्टाचं वरचं बटण मुठीत धरते, एकेक बोट सोडवावं लागतं. सोबत मुग्धाची वापरलेली ओढणी देतो, न धुतलेली. तिच्या वासाने चिमीला झोप लागते.

आणि ती रडते, जाड्या. जिन्यापर्यंत आवाज येतो. घरी आली की मी दाराआड गेलो तरी मागे येते, रात्री दचकून उठते आणि हात चाचपते. एकदम इतके बदल तिला झेपताहेत का, हाच घोर लागलाय. मुग्धाला माझा हट्ट पटत नाही. परवा चिडून म्हणाली, "तू चिमीला सोडायला जातोस की पाचवीतल्या स्वतःला?" मला उत्तर सुचलं नाही. रात्रभर तेच डोक्यात होतं.

लसीकरणाला गेलो तेव्हा डॉक्टरबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, माणूस नजरेआड झाला तरी तो कुठेतरी असतो, हे बाळांना ८-९ महिन्यांच्या सुमारास कळू लागतं, म्हणूनच तो गेल्याचंही कळतं. १० ते १८ महिन्यांत हे रडणं सगळ्यात जोरात असतं, पुढे ओसरतं. चिमी सव्वा वर्षाची, म्हणजे ऐन भरात. न सांगता निघालं की मूल त्या वेळी रडत नाही, पण आपल्यावरची नजर हटवायला घाबरायला लागतं. मग त्यांनी मेरी एन्सवर्थ या मानसशास्त्रज्ञ बाईंचा १९६०च्या दशकातला प्रयोग सांगितला. अनोळखी खोलीत आई वर्षाच्या बाळाला सोडून तीनेक मिनिटं बाहेर जायची आणि परत यायची. बाळ किती रडलं यापेक्षा आई आल्यावर ते काय करतं, याला एन्सवर्थनी जास्त महत्त्व दिलं. तिच्याकडे झेपावतं का, कुशीत शांत होतं का, पुन्हा खेळायला वळतं का.

काल मी सुट्टी टाकून मुग्धाबरोबर आणायला गेलो, तेवढ्यासाठीच. चिमी आम्हाला पाहून हमसाहमशी रडली, मुग्धाच्या मानेत तोंड खुपसलं, आणि मिनिटभरात खाली उतरून एक लाकडी ठोकळा घेऊन आली. आधी तो मला दाखवला, मग नेऊन ताईंच्या हातात ठेवला. मुग्धा काही बोलली नाही, पण आज सकाळी निघताना चिमीला तिनेही सगळं नीट सांगितलं.

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींची परीक्षा कधी? अण्णांना नमस्कार, त्यांचं मोतीबिंदूचं उरकून घे, टाळू नकोस.

आणि एक विचारायचं राहिलंय, इतकी वर्षं विचारलं नाही. त्या दिवशी तू फाटकापाशीच रडत बसला होतास. माझे बाबा तुझ्यासमोरूनच गेले असणार. ते मागे वळून बघत होते का? आठवत असेल तसंच कळव, माझ्यासाठी गोड करू नकोस.

तुझा,
लंब्या