किती जणींत पहिली?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या ठाणे पुरवणीत कराटेच्या पदकविजेत्यांचे फोटो नेहमी येतात. पांढरे पोशाख, गळ्यात पदकं, मागे सर, आणि खाली अमुक क्लासला इतकी सुवर्ण, इतकी रौप्य. मुलांचं कौतुक आहेच. पण गटात खेळाडू किती होते, हे कधीच छापलेलं नसतं. माझी सगळी नोकरी बँकेत ताळेबंद जुळवण्यात गेली, त्यामुळे अर्धा आकडा मला पचत नाही.

माझ्या नातीला अशाच एका स्पर्धेत काता या कराटेतल्या प्रकारात कांस्यपदक मिळालं. गटात मुली तीन. सभागृहाबाहेर ‘आंतरराष्ट्रीय’ असा फलक होता. परदेशी कोण, ते मला शेवटपर्यंत दिसलं नाही. रिक्षात बसल्यावर नात म्हणाली, "आजी, म्हणजे मी शेवटची आले ना?" तिच्या आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

या पोरीचं दैवत म्हणजे जपानची कियो शिमिझू. मोबाइलवर तिचे काता लावून ही हॉलमधला टीपॉय सरकवते, त्यामुळे मलाही थोडं कळायला लागलंय. कातामध्ये समोर कुणी नसतं. ठरलेला क्रम एकटीने करून दाखवायचा. पाय कुठे पडला, कंबर कशी वळली, हात कुठे थांबला, सगळं पंच बघतात. ओसाकाची शिमिझू २०१४ साली ब्रेमेनला आणि २०१६ साली लिंझला जगज्जेती झाली. २०१८ साली माद्रिदच्या अंतिम फेरीत स्पेनच्या सांद्रा सांचेझने तिला हरवलं. मग ५ ऑगस्ट २०२१, टोकियोचं निप्पॉन बुडोकान. कराटे प्रथमच ऑलिम्पिकमध्ये, तेही तिच्याच देशात. अंतिम फेरीत पुन्हा सांचेझ, वय ३९. सांचेझ २८.०६, शिमिझू २७.८८. शिमिझूचं सुवर्ण हुकलं ०.१८ने.

टोकियोत हे गुण काढायची रीत मला फार आवडली. पंच सात. तंत्राचे गुण वेगळे. ताकद, वेग, तोल यांचे वेगळे. दोन्हींतले वरचे दोन आणि खालचे दोन आकडे बाद. उरलेल्या तिन्हींची बेरीज, तंत्राला ७० टक्के वजन, बाकीला ३०. एखाद्या पंचाची माया किंवा खुन्नस तिथेच गळून पडते.

पॅरिस ऑलिम्पिकमधून कराटे वगळलं गेलं, लॉस एंजेलिसच्या २०२८च्या यादीतही ते नाही. ते ०.१८ वसूल करायला शिमिझूला जागाच उरली नाही. तरी २०२३मध्ये हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिने सुवर्ण जिंकलं. इंचिऑन आणि जकार्तानंतरचं तिसरं.

माझी विनंती एवढीच: फोटोखाली गटातल्या खेळाडूंची संख्या आणि मिळालेले गुण छापा. आकडे नाहीत तर फोटो नाही, असं संयोजकांना कळवा. वय, वजन, बेल्ट अशा चाळण्या लावून तिघी-तिघींचे गट पाडायचे आणि प्रत्येक घरी पदक पोहोचवायचं, हा उद्योग मग आपोआप अवघड होईल. तोवर त्या जागेत बुद्धिबळाचे निकाल द्या. त्यात निदान फेऱ्या किती आणि गुण किती, ते असतं.

आपली,
एक वाचक आजी, नौपाडा, ठाणे