मेव्हण्याला दम देऊ नकोस

पुणे

प्रिय बंड्या,

तुझा मेव्हणा घर सोडून एसटी स्टँडवर झोपतोय हे वाचलं. ‘तुझी दारू कशी सुटली ते लिही’ म्हणतोस, म्हणून लिहायला बसलो.

आधी एक गोष्ट वहिनींनाही वाचून दाखव. त्याला खोलीत कोंडून दारू एकदम तोडू नका. रोज पिणाऱ्याची अचानक बंद झाली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जिवावरही बेतू शकतं. मला वॉर्डातल्या भिंतीतून मुंग्यांची रांग दिसायची आणि मी पुसायला फडकं मागायचो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळ्या, बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं हे आधी होऊ दे. प्रवचनं नंतर. नाही झाली तर उत्तमच.

लोक विचारतात, रस्त्यावर आलास तरी पितोसच कसा? फुटपाथवर न पिता झोपून दाखवा म्हणावं. चपला उशाखाली, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून शर्टाच्या आत पोटाशी बांधलेली. क्वार्टर लावली की थोडा वेळ तरी डोळा लागायचा. पहाटे झाडूवाल्या मावशी ‘ऊठ रे बाबा’ करत पायाशी खराटा आपटायच्या, तोवर हात थरथरायला लागलेले. टपरीवर मी अर्धाच चहा मागायचो, भरलेला कप तोंडापर्यंत पोचायचा नाही. निवाऱ्यात गेलो तर पिऊन आलेल्याला घेत नाहीत म्हणाले. निवारा नाही म्हणून पिणं, पिणं म्हणून निवारा नाही. सरकारी योजनेत शहराच्या लाख वस्तीमागे निदान १०० बेघरांची सोय हवी असं लिहिलं होतं. कागदावर.

शेवटी त्या मावशींनीच एका कार्यकर्त्याला माझ्याकडे बोट दाखवलं. तिथून दवाखाना, मग मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. अवचट पती-पत्नींनी ते १९८६ मध्ये सुरू केलं, पु.लं. आणि सुनीताबाईंनी पैसे दिले, हे तुला ठाऊक आहेच. आत मला भिडलं ते वेगळंच. समोर बसलेला समुपदेशक स्वतः एके काळचा बेवडा. त्याला थाप कशी मारणार? माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तो हसायचा.

तिथले ३५ दिवस बरे जातात रे. वेळेवर जेवण, योगासनं, गटात बोलणं. भीती असते छत्तिसाव्या दिवसाची. गेटबाहेर पडून जायचं कुठे? माझ्यासाठी कार्यकर्त्याने निवाऱ्यात आधीच बोलून ठेवलं होतं. तिथल्या काकांच्या पत्रावर आधारचा पत्ता बदलला, खातं उघडलं, प्रेसमध्ये कागद उचलायचं काम मिळालं. पगाराचा दिवस सगळ्यात वाईट, म्हणून एटीएम कार्ड मीच काकांच्या कपाटात ठेवायला दिलं. लोकांना हा अपमान वाटतो, मला फार हलकं वाटलं.

संध्याकाळी एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मीटिंग. १९३५ मध्ये अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे उभं राहिलं. आमची मीटिंग शाळेच्या वर्गात भरते, गुडघे वर येतील एवढ्याशा बाकांवर. कुणी उपदेश करत नाही, हीच मोठी सोय.

तू तेव्हा माझ्या हातात पैसे द्यायचं बंद केलंस, पण दारात आलो की जेवायला बसवायचास. मेव्हण्याशी तसाच वाग. दम देऊ नकोस, मुलांची शपथ तर मुळीच घालायला लावू नकोस. मी असल्या शपथा ढिगाने घेतल्यात.

रविवारी मला सुट्टी असते. शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतो आणि थेट स्टँडवर उतरतो. त्याला आधी कळवू नकोस, पळेल. आणि तू बरोबर येऊ नकोस, राग मानू नको. सकाळी त्याचा पहिला घोट झाला की मगच बोलेन, त्याआधी त्याला माझं काही ऐकू येणार नाही. दवाखान्यात एक खाट विचारून ठेव तेवढी.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
पक्या